एका श्वासाची मर्यादा

कोरिया देशाच्या दक्षिणेस समुद्रात जेजू नावाचे एक बेट आहे. हे बेट ज्वालामुखीने घडविलेले. मधोमध हल्लासान हा १,९४७ मीटर उंचीचा पर्वत, आणि त्याच्या अंगावरून वाहत येऊन समुद्राच्या काठी थिजलेला काळा लाव्हा. आपल्या सह्याद्रीचा कातळ ज्याने पाहिला आहे त्याला तो दगड ओळखीचा वाटेल. भेद इतकाच की आपला कातळ कोट्यवधी वर्षांचा जुना आणि झिजलेला, तर तेथील दगडाच्या कडा अजून अंगाला कापतील अशा धारदार आहेत. या बेटाला वाळूचे किनारे थोडे. बहुतेक ठिकाणी माणूस समुद्रात उतरतो तो खडकावरूनच.

या खडकांवरून आज दोन तऱ्हेची माणसे पाण्याखाली जातात. पहिली हौशी मंडळी. पाठीवर हवेचे सिलिंडर, अंगात रबरी पोशाख, पायांत लांब फिन आणि डोळ्यांवर काच. बेटाच्या दक्षिण अंगास सोग्विपो शहर आहे. त्याच्या समोरच्या मुनसोम या लहानशा बेटावर होडी अशा पाहुण्यांना खडकावर उतरवून देते आणि तेथूनच ते पाण्यात शिरतात. खाली रंगीत मऊ प्रवाळांची बाग आहे. ती पाहावयाची आणि वर यावयाचे, एवढेच त्यांचे काम.

दुसऱ्या तऱ्हेची माणसे म्हणजे त्याच बेटावरच्या बायका. त्यांना हेन्यो म्हणतात, अर्थ 'समुद्रस्त्री'. त्या पोटासाठी बुडी मारतात. त्यांच्याही अंगात रबरी पोशाख आणि डोळ्यांवर काच असते, परंतु पाठीवर सिलिंडर नसते. छातीत मावेल तेवढा एक श्वास घ्यावयाचा, तळाशी जाऊन शिंपले, समुद्रशेवाळ, अष्टपाद जे मिळेल ते काढावयाचे, आणि श्वास संपण्यापूर्वी वर यावयाचे.

म्हणजे ज्याच्या पोटाचा पाण्याशी काही संबंध नाही त्याच्याजवळ यंत्र आहे, आणि जिची चूल त्यावर पेटते तिच्याजवळ ते नाही. ऐकणाऱ्याला वाटेल, गरिबी असेल, अडाणीपणा असेल. दोन्ही तर्क चुकीचे आहेत. सिलिंडर त्यांना परवडण्यासारखे आहे आणि त्याची माहितीही त्यांना पिढी-दोन पिढ्यांची आहे. त्यांनी ते नाकारले आहे. आपल्या गावच्या समुद्रात त्या ते वापरीत नाहीत. आणि हौशी माणसाने सिलिंडर लावून शिंपले काढणे कोरियाच्या कायद्यानेही मना आहे. मी पाणबुड्या नव्हे आणि शास्त्रज्ञही नव्हे. माझे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. पण नवे यंत्र आले असता कामकऱ्याने काय करावे, हा आमचा रोजचा प्रश्न आहे. म्हणून या बायांनी असे का केले हे मी माझ्यापुरते समजावून घेतले, तेच आपल्यापुढे मांडतो.

प्रथम यंत्र समजून घेऊ. आपण जमिनीवर उभे असतो तेव्हाही आपल्यावर हवेचा दाब असतो. दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो. पाण्यात दर दहा मीटर खाली गेले की तेवढाच दाब आणखी वाढतो. दहा मीटरांवर दुप्पट, वीस मीटरांवर तिप्पट. छातीवर असे ओझे असताना वरून साध्या नळीने हवा ओढू म्हटले तर एक मीटरभर खोलीवरच बरगड्या हार खातात. हवा त्याच दाबाने आत आली पाहिजे. ही सोय १९४३ साली फ्रान्समध्ये झाली. जॅक-इव्ह कुस्तो हा नौदलाचा अधिकारी आणि एमिल गान्यां हा इंजिनिअर. युद्धामुळे पेट्रोल मिळेना, तेव्हा मोटारी गॅसवर चालविण्यासाठी गान्यांने एक झडप तयार केली होती. तीच फिरवून त्यांनी पाण्याखाली आणली. माणसाने श्वास ओढला की ही झडप उघडते, सभोवारच्या पाण्याचा जेवढा दाब तेवढ्याच दाबाची हवा देते आणि मिटते. यालाच रेग्युलेटर म्हणतात. सिलिंडरात प्राणवायू भरलेला असतो असा पुष्कळांचा समज आहे. साधारणतः त्यात आपण येथे घेतो तीच हवा दाबून भरलेली असते.

आता हिशेब पाहा. बारा लिटरच्या सिलिंडरात दोनशे पट दाबाने हवा भरली म्हणजे २,४०० लिटर हवा झाली. त्यातला चौथा हिस्सा संकटासाठी राखून ठेवावयाचा हा नियम. उरली १,८०० लिटर. शांतपणे पोहणारा माणूस मिनिटाला सुमारे वीस लिटर हवा घेतो. पण सहा मीटर खोलीवर दाब दीडपटीहून अधिक, म्हणून तेथे मिनिटाला बत्तीस लिटर लागते. याप्रमाणे तो तेथे पंचावन्न मिनिटे सलग राहू शकतो. हा आकडा लक्षात ठेवावा. पुढे तो लागणार आहे.

या सोयीला किंमत आहे. दहा मीटरांवर सहा लिटर हवा छातीत भरली आणि श्वास रोखून माणूस वर आला तर तीच हवा बारा लिटर होऊ पाहते. फुप्फुस फाटते. म्हणून स्कूबाचा पहिला नियम असा की श्वास कधीही रोखू नये. दुसरे संकट नायट्रोजनचे. दाबाखाली हा वायू रक्तात मुरतो, आणि माणूस घाईने वर आला तर सोड्याची बाटली उघडावी तसे त्याचे बुडबुडे अंगात उठतात. हे दुखणे प्रथम कळले ते हौशी लोकांवरून नव्हे. नद्यांतून पुलांचे पाये घालताना दाबाच्या हवेच्या पेट्यांत उतरून जे मजूर माती उपसत, त्यांच्यावरून. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाच्या पायाशी १८७२ साली असे मजूर लुळे पडले, काही मेले, आणि त्यांचा मुख्य इंजिनिअर रोब्लिंग हाही जन्माचा अधू झाला. पुढे हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने बोकडांवर प्रयोग करून, किती खोलीवरून किती थांबत वर यावे याची कोष्टके १९०८ साली प्रसिद्ध केली. आज मनगटावरचे घड्याळवजा यंत्र हौशी डायव्हरला सांगते, 'थांब, इतक्यात वर जाऊ नको'. त्या सूचनेचे मूळ त्या मजुरांच्या यातनांत आहे.

खडकावरून पाण्यात उतरण्याचे शास्त्रही वेगळे आहे. होडीवरून उडी मारली की काम झाले. खडकावर तसे नाही. पाठीवर-कमरेवर वीस-पंचवीस किलोंचे ओझे, पायाखाली शेवाळलेला दगड, आणि समोर लाट. अनुभवी माणूस आधी काठावर उभा राहून लाटा पाहतो. त्या टोळ्यांनी येतात. चार-सहा मोठ्या, मग काही लहान. लहान लाटांच्या मधल्या उसंतीत उतरावयाचे. उतरण्याआधी बाहेर पडण्याची जागा ठरवावयाची, कारण शिरणे सोपे आणि निघणे अवघड. रेग्युलेटर तोंडात धरूनच पाण्यात जावयाचे, आणि कोरड्या दगडावर पाय घट्ट रोवेपर्यंत तो तोंडातून काढावयाचा नाही. लाट पडली तर तिच्याशी झुंजावयाचे नाही. खाली वाकून ती अंगावरून जाऊ द्यावयाची. आणि सर्वांत मुख्य म्हणजे एकट्याने जावयाचे नाही. जोडीदार हवाच, आणि एकाची हवा संपली तर दुसऱ्याच्या सिलिंडरातून दोघांनी वर यावयाचे. संघटनेच्या माणसाला हा नियम शिकवावा लागत नाही.

आता त्याच खडकावरची बाई पाहू. तिच्याजवळ तेवाक नावाचा तरंगता गोळा असतो. पूर्वी तो वाळलेल्या भोपळ्याचा असे, आता कृत्रिम फेसाचा असतो. त्याला खाली जाळ्याची झोळी. हातात पिचांग, म्हणजे खडकाला चिकटलेला अबालोनी नावाचा मोठा शिंपला उपटण्याची लोखंडी पट्टी. ती मनगटाला दोरीने अडकविलेली असते, आणि यातच एक मरण दडलेले आहे. शिंपला पट्टीसकट खडकाला घट्ट बसला आणि दोरी सुटली नाही तर बाई तळाशी अडकून पडते. अशा रीतीने बाया बुडाल्या आहेत.

या बायांच्या शरीराचा अभ्यास सुक-की हाँग या कोरियन शास्त्रज्ञाने केला आणि १९६७ साली हर्मन रान यांच्यासह तो प्रसिद्ध केला. पाच-सहा मीटर खोलीवर काम करणारी बाई एका बुडीला सुमारे अर्धा मिनिट घेते. त्यातला निम्मा वेळ खाली जाण्या-येण्यात जातो. मग वर अर्धा मिनिट विसावा. तासाला साठेक बुड्या. म्हणजे तासाभराच्या कष्टात तळाशी प्रत्यक्ष काम पंधरा मिनिटे. सिलिंडरवाला त्याच खोलीवर पंचावन्न मिनिटे सलग राहतो, हे आपण आताच पाहिले. एक सिलिंडर म्हणजे साधारण चार बाया.

वर येताच ती शीळ घातल्यासारखा आवाज करून श्वास सोडते. त्याला सुम्बीसोरी म्हणतात. नवख्याला ते गाणे वाटते, पण ते कामाचे साधन आहे. छातीतली शिळी हवा त्याने झटकन बाहेर पडते, आणि शेजारणीला कळते की ही सुखरूप वर आली. त्यांच्या भाषेत आणखी एक शब्द आहे, मुल्सुम. म्हणजे 'पाण्यातला श्वास'. श्वास संपत आलेला असताना समोर मोठा शिंपला दिसला, 'एवढा काढते आणि जाते' असे म्हणून बाई थांबली, तर वर येताना अखेरच्या काही मीटरांत दाब उतरतो तसा रक्तातला प्राणवायू अपुरा पडतो, शुद्ध हरपते आणि नाकातोंडात पाणी जाते. तो मुल्सुम. नव्या मुलीला पहिला धडा हाच दिला जातो की आपल्या श्वासापेक्षा अधिक हाव धरू नये.

हा एकेकटीचा धर्म झाला. पण त्यांनी तो गावाचा कायदा केला आहे. प्रत्येक गावची मच्छीमार सहकारी संस्था असते आणि किनाऱ्याजवळचा ठरावीक समुद्र तिच्या हक्काचा असतो. बायांच्या कसबाप्रमाणे तीन पायऱ्या असतात. खोल जाणारी ती सांगुन, मधली चुंगुन, उथळात काम करणारी हागुन. किनाऱ्यावर दगडाचा गोल आडोसा असतो, बुलतोक, मध्ये शेकोटी. पूर्वी तेथे कपडे बदलणे, अंग शेकणे, आणि कोणत्या दिवशी कोठे उतरावयाचे याची सभाही तेथेच. शिंपल्यांच्या विणीच्या काळात बुडी बंद. शंखासारखा सोरा नावाचा जो शिंपला त्या काढतात, तो सात सेंटिमीटरांहून लहान असेल तर घ्यावयाचा नाही. म्हाताऱ्या झालेल्या बायांसाठी काठालगतचा उथळ पट्टा राखून ठेवतात. त्याला नावच 'आजीचा समुद्र' असे आहे. तेथे तरुण बाईने हात घालावयाचा नाही. ऑन्प्योंग गावची शाळा १९५० साली जळाली तेव्हा बायांनी समुद्राचा एक भाग शाळेच्या नावे काढला आणि त्यातल्या शेवाळाच्या पैशावर ती पुन्हा उभी केली.

आता सिलिंडरकडे वळू. ते आले तर काय होईल, याचा अंदाज त्यांना पुस्तकातून करावा लागला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जपानी मच्छीमार पाणबुड्याचा पोशाख आणि हवेचा पंप घेऊन जेजूच्या समुद्रात आले. होडीवर पंप, खाली लोखंडी टोपवाला माणूस, तासन् तास तळावर. थोड्या वर्षांत जवळच्या समुद्रातला अबालोनी ओरबाडला गेला. मग याच बायांना पोटासाठी कोरियाच्या मुख्य भूमीवर, जपानात, थेट रशियाच्या व्लादिव्होस्तोक बंदरापर्यंत बुड्या मारीत जावे लागले. यंत्र दुसऱ्याच्या हाती असले म्हणजे काय होते हे त्यांनी असे पाहिले.

पुढे जपानी अमलात त्यांच्याच नावाने १९२० साली एक संस्था निघाली. हळूहळू तिची सूत्रे सरकारी अंमलदारांच्या हाती गेली, आणि बेटाचा जपानी प्रमुखच तिचा अध्यक्ष झाला. माल संस्थेमार्फतच विकावयाचा आणि भाव वरून ठरावयाचा. ज्या शेवाळापासून आपल्याकडे चायना ग्रास म्हणतात तो पदार्थ होतो, त्याचा आणि शिंपल्यांचा भाव पाडला गेला. हादो गावच्या काही तरुण बाया रात्रीच्या शाळेत लिहावयास-वाचावयास शिकल्या होत्या. पु चुन-ह्वा, किम ओक-र्यॉन, पु तोक-र्यांग ही त्यांतली नावे. जानेवारी १९३२ मध्ये सेह्वाच्या बाजारच्या दिवशी शेकडो बाया आपापली पिचांग आणि खुरपी घेऊन जमल्या आणि त्यांनी त्या जपानी प्रमुखाची मोटार अडविली. त्या मोसमातल्या लहानमोठ्या २३८ सभा-मोर्च्यांत मिळून सुमारे सतरा हजारांचा सहभाग होता असे सांगितले जाते. पुढारणींना तुरुंग भोगावा लागला. या घटनेचे स्मारक आणि हेन्योंचे संग्रहालय आज तेथे उभे आहे.

ही पार्श्वभूमी ध्यानी घेतली म्हणजे सिलिंडरचा निर्णय उलगडतो. हिशेब साधा आहे. दहा बायांच्या गावात दोघींनी सिलिंडर घेतले तर त्या दोघी आठ बायांचे काम करतील. मग उरलेल्या आठ जणींना तरी का मिळावे, आणि आधी ज्यांच्याजवळ पैसा त्यांच्याच हाती समुद्र का जाऊ नये? बरे, दहाही जणींनी घेतले तर शिंपला चौपट निघेल. पण शिंपला चौपट वाढत नाही. शिवाय श्वासाला खोलीची हद्द आहे. दहा मीटरांच्या पुढे फारशा बाया जात नाहीत. त्यापलीकडे जे उरते त्यावर समुद्राची पुढची वीण चालते. सिलिंडर ती हद्दही पुसून टाकते. म्हणून त्यांनी माणसाच्या छातीएवढेच माप कायम ठेवले.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. या बाया यंत्राच्या वैरिणी नाहीत. पूर्वी त्या सुती कपड्यांत बुडत. हिवाळ्यात तेथील पाणी तेरा-चौदा अंशांपर्यंत उतरते. थंडीशी झगडताना त्यांच्या शरीराचा विसाव्यातला जाळ सुमारे तीस टक्क्यांनी वाढत असे, असे हाँग यांना आढळले. १९७० नंतर रबरी पोशाख आला आणि तो त्यांनी घेतला. थंडी गेली. पण पोशाखाने सोय दिली तशी कामाची वेळही वाढविली; जेथे थोड्या वेळात काकडून बाहेर यावे लागे तेथे आता सहा-सात तासांचा दिवस झाला. कानांचे दुखणे, डोकेदुखी, सांधे. गोळी घेऊन पाण्यात उतरणे पुष्कळींच्या अंगवळणी पडले आहे. प्रत्येक साधनाचे पान असे उलटून पाहावे लागते.

आणि त्यांच्या निर्णयाने सर्व प्रश्न सुटले असेही नाही. १९६५ च्या सुमारास त्या तेवीस हजार होत्या. २०२३ अखेर तीन हजारांहूनही कमी उरल्या, आणि त्यांतल्या बहुतेक साठी ओलांडलेल्या. मुली शिकून शहरात गेल्या. त्यांना कोण दोष देईल? समुद्र तापत चालला आहे, खडकावरचे शेवाळ कमी होत आहे, आणि त्यावर संस्थेच्या ठरावाचा इलाज चालत नाही. नव्या बाईला संस्थेत प्रवेश मिळणेही सोपे नसते. युनेस्कोने २०१६ साली त्यांची परंपरा मानवजातीच्या वारशात नोंदविली. सन्मान योग्यच आहे, परंतु संग्रहालयातल्या सन्मानाने घर चालत नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण दूरच्या गरिबांच्या कष्टांचे गोडवे गाण्याची आपल्याला सवय आहे.

मग आपण यातून काय घ्यावे? मुंबईच्या गिरण्यांत १९२८ साली मोठा संप झाला. एका विणकऱ्याने दोनऐवजी तीन साचे चालवावेत, हे त्यामागचे एक मोठे कारण. कामगार यंत्राला भीत नव्हता. वाचलेले श्रम कोणाच्या खिशात जातील आणि कमी झालेला माणूस कोठे जाईल, हे तो विचारीत होता. आपल्या कोकणात रापणकर आणि पर्ससीन जाळेवाले यांच्यात तंटा आहे तोही याच जातीचा. किनाऱ्यावर मिळून रापण ओढावयाची आणि मासळीच्या वाटण्या करावयाच्या, ही जुनी रीत. आणि अख्खा थवा एका वेढ्यात उचलणारे जाळे, ही नवी. राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनवर बंधने घातली, आणि २०२१ साली मासेमारीच्या कायद्यातील दंड वाढविले. पण मालवणचा मच्छीमार आजही विचारतो की पाळत कोण ठेवणार? जेजूत ती बाया स्वतः ठेवतात, कारण मर्यादा त्यांनीच घातलेली असते. वरून आलेला नियम चुकविण्यात माणसाला कमीपणा वाटत नाही. सोबतिणींसमोर केलेला ठराव मोडणे जड जाते.

मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आता पुष्कळ मंडळी हौसेने स्कूबा करतात. आपल्यापैकी कोणी गेले तर जरूर बुडी मारावी; पाण्याखालचे जग पाहण्यासारखेच आहे. हात धरून खाली नेणारा मुलगा बहुधा मच्छीमाराच्याच घरचा असेल. तळाशी हात लावू नये, काही उचलून आणू नये, आणि तो मुलगा दिवसाकाठी किती बुड्या मारतो, त्याला काय मिळते, त्याचा विमा आहे काय, हे वर आल्यावर विचारावे. यंत्र वापरण्याला माझी हरकत नाही. ते कोठे थांबवावयाचे हे ठरविताना त्यावर पोट असलेल्या माणसांना सभेत बसवावे, एवढेच त्या काळ्या खडकावरच्या बायांकडून शिकण्यासारखे आहे.